पुसलेली वाटी

आधी क्षमा मागतो, मग लिहितो. आमच्या घरात पत्राच्या पलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही बहुतेक आबांनीच, पलटणीतून, चार-चार ओळींची. मी डॉक्टर नाही. ज्या दिवसांविषयी लिहितोय तेव्हा पुरता इंजिनिअरही नव्हतो. सांगलीच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. माणसाच्या सांध्यांबद्दल आणि त्यांच्यातल्या वंगणाबद्दल लिहायला माझ्याहून कितीतरी जाणकार माणसं आहेत. त्यांनी हे वाचलं तर त्यांना ठिकठिकाणी चुका सापडतील. तरीही लिहितो. कारण यातली मुख्य चूक माझीच आहे, आणि ती कशी झाली हे मला जितकं ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कुणाला असणार नाही.

आबा म्हणजे माझे वडील. लष्करात हवालदार होते, आणि वेळेआधीच घरी आले. डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक उलटला, त्यात त्यांची उजवी मांडी खुब्यापाशी मोडली. हाड जुळलं, पण त्याचं डोकं, म्हणजे खुब्याच्या खोबणीत फिरतो तो गोल भाग, पुढच्या वर्षभरात आतल्या आत मेला. मग पुण्याला त्यांच्या खुब्यात स्टीलचा गोळा बसवला आणि तो फिरायला प्लास्टिकची वाटी. सत्तर सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. आमच्या पाटणकडच्या गावात ही गोष्ट कुणाला खरी वाटेना. माणसं घरी येऊन आबांच्या मांडीकडे बघत बसायची.

"आवं हवालदार, वाजतंय काय आत?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाजत न्हाई," आबा म्हणाले. "पन पावसात गंजंल म्हून छत्री धरतूया."

डॉक्टरांनी सांगितलं होतं: काठी वापरा, ओझं उचलू नका, खाली मांडी घालून बसू नका, चढ चढू नका, सपाटीवर चाला. आता आमच्या गावात सपाटी म्हणजे देवळापुढची फरशी. घराबाहेर पाऊल टाकलं की एकतर चढ, नाहीतर उतार. आणि आमचं रान वर, टेकावर. नाचणी आणि भुईमूग. ते चुलते बघायचे. चार वर्षं आबा ओट्यावर बसून त्या रानाकडे बघत राहिले. कोणत्या बांधाला भगदाड पडलंय, कुठल्या तुकड्यात तण माजलंय, हे ते खालून सांगायचे आणि चुलत्यांना ते मुळीच आवडायचं नाही.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. आबांनी मला जवळ बसवलं.

"तू मशिनीचं शिकतूस न्हवं?"

"व्हय."

"मग ही बी मशीनच हाय. ह्यो गोळा किती चालल त्ये मोजून सांग."

"आबा, डॉक्टरांनी सांगितलंय की..."

"डॉक्टर म्हनत्यात चढू नगा. किती चढल्यावर काय व्हतंय त्ये सांगत न्हाईत. घरापासनं वरच्या बांधापातूर दोन हजार पावलं हायती. म्या मोजल्यात."

"कवा?"

"पाय व्हता तवा."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण सांगलीला परतताना एसटीत कऱ्हाडपर्यंत माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. जाऊन-येऊन चार हजार पावलं, त्यातली निम्मी त्या पायाची. म्हणजे रोज दोन हजार वेळा गोळा वाटीत फिरणार. हे मोजता येण्यासारखं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच आबांनी मला शिकलेला माणूस समजून काही विचारलं होतं, आणि मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. उत्तर बरोबर द्यायचं होतं, असं मी तेव्हा म्हटलं असतं. आता वाटतं, लवकर द्यायचं होतं.

प्रोजेक्टला विषय हवाच होता. सरांनी आधी मान हलवली. आपल्या लॅबचा हा विषय नाही म्हणाले. पण दोन दिवसांनी त्यांनीच लायब्ररीतून एक परदेशी मासिक काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यातला लेख मी शब्दकोश घेऊन वाचला, आणि जे कळलं नाही ते सरांनी सांगितलं. ऑपरेशननंतर शरीर त्या नव्या सांध्याभोवती स्वतःच पातळ द्रव तयार करतं. पाय टेकला, वजन आलं, की गोळा आणि वाटीमधला तो द्रव बाहेर दाबला जातो. पाय उचलला की पुन्हा आत ओढला जातो, ओल्या फरशीवर पालथी घातलेली वाटी उचलताना पाणी कसं आत धावतं, तसा. "हा थर पुरेसा जाड राहिला तर झीज नाही," सर म्हणाले. "पण तो राहत नाही. चालणं सावकाश असतं आणि वजन जास्त. तेव्हा थोडं घासणार. किती घासतं, ते तू बघ." परदेशात आधी जे प्लास्टिक वापरलं ते दोन-तीन वर्षांतच झिजलं होतं आणि त्याच्या पिठाभोवती शरीरात गाठी झाल्या होत्या, मग त्यांनी प्लास्टिक बदललं, हेही त्यांनी सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. गाठींवर मात्र फार विचार केला नाही. प्लास्टिक बदललंय ना, मग झालं.

यंत्र उभं केलं ते वर्कशॉपच्या मिस्त्रींनी. मी आकृत्या काढायच्या आणि त्यांनी त्या बघून हसायचं.

"ह्ये असं कवा बसंल रं, गड्या? तुज्या आकृतीत पाना घालायला जागा कुटं हाय?"

त्यांनी लेथवर स्टीलचा आवळ्याएवढा गोळा घडवला आणि तीन दिवस पॉलिश करत बसले. वाटीचं प्लास्टिक माधवनगरहून आणलं. तिथल्या कापडाच्या मागांवर धोट्याला, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीला, टोला देणारा एक जाड प्लास्टिकचा ठोकळा असतो. सर म्हणाले, जात तीच आहे, प्रत जरा हलकी असेल. तोच ठोकळा कातून वाटी केली. मागावरचाच एक जुना आकडे फिरणारा मोजयंत्राचा डबा मिळाला, तो पावलं मोजायला लावला. वर तरफेला लोखंडी वजनं टांगली. एक छोटी मोटर तो गोळा वाटीत मागं-पुढं झुलवायची आणि प्रत्येक झोक्याला वजन एकदा पडायचं, एकदा सुटायचं.

वंगण काय घालावं हा प्रश्न होता. सांध्यातल्या द्रवाच्या जवळचं काहीतरी हवं. लेखात रक्तातल्या पिवळ्या पाण्याचा उल्लेख होता. मग मी रोज सकाळी स्टीलचा डबा घेऊन खाटकाकडे जाऊ लागलो. बोकडाचं रक्त डब्यात ठेवलं की तासाभरात ते खाली थिजतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. ते हळूच ओतून घ्यायचं. वसतिगृहातली पोरं मला बघून नाक धरायची. "आला बघा आमचा कुस्तीचा पैलवान, रक्तावर पोसलाय!" असं चालायचं. खाटीक मात्र गंभीर होता. त्याला वाटायचं मी डॉक्टरकीच शिकतोय. एकदा त्यानं मला स्वतःचा गुडघा दाखवला.

हे पाणी दुसऱ्या दिवशी नासायचं. म्हणून रोज सकाळी मी यंत्र थांबवायचो, जुनं काढायचो, वाटी आणि गोळा स्वच्छ फडक्यानं पुसायचो आणि ताजं घालायचो. पुसावं की नाही, हा प्रश्नच मला कधी पडला नाही. लहानपणी आमच्या बैलगाडीचं वंगण घालणं माझ्याकडे होतं. खीळ काढायची, चाक बाहेर सरकवायचं, आसावरचं काळं वंगण फडक्यानं निपटून काढायचं, मगच बांबूच्या नळकांड्यातलं नवं लावायचं. काळं जरा राहिलं तरी आबांचा धपाटा बसायचा. ते काळं म्हणजे झिजलेलं लोखंड, आणि ते आत राहिलं तर आणखी लोखंड खातं, हे मला कॉलेजच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. माझा हात आपसूकच फडक्याकडे जायचा. उलट मला अभिमान होता, की मी काम स्वच्छ करतोय.

महिनाभरात यंत्र आबांच्या एका वर्षाइतकं चाललं. मी वाटी सुकवून केमिस्ट्रीच्या तराजूवर तोलली. जवळजवळ काहीच घटली नव्हती. मी तीनदा तोलली. सर म्हणाले, "एका वाटीवरून काही ठरवू नकोस. अजून दोन कर." मी हो म्हटलं, आणि त्याच दुपारी आबांना पत्र लिहिलं. *यंत्र तुमच्या वर्षभराएवढे चालले. वाटी झिजली नाही म्हटले तरी चालेल. हळूहळू वर जायला हरकत नाही.* सरांचं वाक्य मी पत्रात घातलं नाही. आणि पत्राचं सरांना सांगितलं नाही.

त्याला दीड महिना झाला. दुसरी वाटीही तशीच पार पडली. मी रिपोर्ट लिहायला घेतला होता. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे वाटी पुसत होतो आणि मिस्त्री चहाला निघता-निघता थांबले.

"रोज पुसतूस व्हय रं?"

"व्हय, मिस्त्री."

"आनि आबाच्या खुब्यात रोज कोन जातंय पुसायला?"

ते हसले आणि चहाला गेले. त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. यंत्र थांबलेलं होतं, वर्कशॉपमध्ये पलीकडे कुणीतरी कानस चालवत होतं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता कुठंतरी पळत जावं. पण कुठं, ते कळेना.

तिसरी वाटी मी पुसली नाही. जे आत आहे ते आतच ठेवायचं आणि कमी झालं तेवढंच वरून घालायचं. चौथ्या दिवसापासून असा वास सुटला की सर दारातूनच म्हणाले, "इथे मेलंय काय?" आठव्या दिवशी मी वाटी उघडली. पाणी तांदळाच्या पेजेसारखं झालं होतं. वाटीच्या काठाला पांढरट पीठ साचलं होतं. मिस्त्रींनी तीन दिवस घासलेल्या गोळ्यावर बारीक ओरखडे होते. नख फिरवलं तर लागत होते. तोलून बघितलं, तर पुसलेल्या वाटीची महिन्यात झाली नव्हती तेवढी झीज आठ दिवसांत झाली होती. हे पिठामुळे की नासलेल्या पाण्यामुळे, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग मिस्त्रींना गळ घालून एक पारदर्शक वाटी करून घेतली, तिच्यात ते पेजेसारखं पाणी घातलं आणि घड्याळजीचं भिंग लावून बघत बसलो. पिठाचे कण द्रवाबरोबर हलत होते. वजन पडलं की सगळे काठाकडे ढकलले जायचे. मला वाटायचं, गेले बाहेर. मग वजन सुटायचं, आणि ज्या ओढीनं द्रव आत यायचा त्याच ओढीनं कण परत आत. पुन्हा वजन. बाहेर जायला त्यांना वाटच नव्हती. सर म्हणाले होते की हा द्रव आत ओढला जातो हे चांगलं आहे, सांधा त्यावर जगतो. तेही खरंच होतं. एक तास मी तिथून उठलो नाही. मग सरांकडे जाऊन सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा. "वडिलांचा एक्स-रे काढून घे," सर एवढंच म्हणाले.

तार करावी असं पहिल्यांदा मनात आलं. पण पलटणीतल्या माणसाच्या घरी तार म्हणजे एकच अर्थ. पोस्टमन तार घेऊन वाडीत शिरला तर आईनं ती फोडायच्या आधीच हंबरडा फोडला असता. म्हणून पत्र टाकलं. *चढणे लगेच बंद करा. माझे चुकले.* पाच दिवसांत उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. मी दिवसातून तीनदा वसतिगृहाच्या पत्रांच्या खणात हात घालायचो, अगदी टपाल येऊन गेल्यावरही. पुस्तक उघडायचो, मिटायचो. गेटपर्यंत जायचो, परत यायचो. जेवताना भाकरी मोडून तशीच ठेवायचो. दहाव्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरली.

घरी आई एकटीच होती. मला अवेळी बघून ती घाबरली.

"आबा कुटं हायत?"

"वर. रोज जात्यात की. तूच लिवलंस न्हवं?"

"माजं दुसरं पत्र?"

"आलंय. वाचलं आनि खिशात घातलं. म्या इचारलं काय लिवलंय, तर म्हनलं, अभ्यास चाललाय."

मी वर चढलो. पावलं मोजली नाहीत. आबा बांधावर बसले होते, उजवा पाय लांब पसरून, एक हात जांघेवर ठेवून. मला बघून त्यांनी तो हात काढला.

"का रं? परीक्षा झाली व्हय?"

"न्हाई. आबा, खाली चला. म्या लिवल्यालं चुकलं."

"वाचलं म्या. काय चुकलं, त्ये लिवलं न्हाईस."

"म्या वाटी रोज पुसत हुतो. वंगण बदलायच्या आदी."

"मग? वंगण पुसूनच घालत्यात."

"आवं, तुमच्यात कोन पुसतंय?"

मला सूत्रं सांगावी लागली नाहीत, भिंगातलं काही सांगावं लागलं नाही. गाडी त्यांनी जन्मभर हाकली होती.

"म्हंजे समदं काळं आतच," ते म्हणाले.

"व्हय. पांढरं असतंय, पन आतच."

"आनि त्येच परत घासतंय."

"व्हय."

ते थोडं हसले. "म्या तुला धपाटं घालून पुसाय शिकिवलं, आनि त्येच नडलं बघ." मग म्हणाले, "आता आत साठलंय त्ये खाली उतरून कुटं जानार हाय? बस जरा. उन्हाळी भुईमूग बघ कसा आलाय."

"दुखतंय काय?"

"सकाळी उठलं की पयल्या धा पावलाला कळ येती. मग जाती."

"कवापासनं?"

"लय दिवस. तुज्या पत्राच्या आदीपासनं. आनि चढतूय बी आदीपासनंच. तुजी आय झोपली की."

आम्ही उतरलो. चढताना लागला असेल त्याच्या दुप्पट वेळ लागला. आबा काठी पुढं टेकवून, मग डावा पाय, मग उजवा, असे येत होते. मी खालच्या बाजूनं चालत होतो. आईला विचारलं तेव्हा ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "खोटं बोलत्यात. तुजं पत्र आलं त्या दिवसापासनं चढत्यात. त्याच्या आदी ओटा सोडला न्हाई." दोघांतलं खरं कोण, ते मला कधीच कळलं नाही. कळ केव्हा सुरू झाली हेही आईनं वेगळं सांगितलं.

एक्स-रेला साताऱ्याला मी बरोबर येतो म्हटलं, तर आबांनी साफ नाही म्हटलं. "तुजी परीक्षा हाय. मी काय पोर हाय व्हय?" चुलते त्यांना घेऊन जाणार असं ठरलं आणि मी सांगलीला परतलो. सरांनी रिपोर्टात पुसलेली आणि न पुसलेली अशा दोन्ही वाट्या लिहायला लावल्या, आणि पहिलं अनुमान खोडून ते का खोडलं याचं एक पान वेगळं जोडायला लावलं. ते पान लिहायला मला आठवडा लागला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच पानावर सर्वात जास्त विचारलं. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

मग लेखी परीक्षा सुरू झाली. पाटणहून येणाऱ्या एका ओळखीच्या कंडक्टरनं सांगली स्टँडवर मला गाठून निरोप दिला: हवालदारांना साताऱ्याहून पुण्याला नेलंय. का नेलंय, ते त्याला माहीत नव्हतं. "बगा, काय तरी दाखवायचं असंल," तो म्हणाला आणि घंटी मारून गेला. त्यानंतर बावीस दिवस काही नाही. पुण्यात कुठं पत्र टाकावं, मला वॉर्ड ठाऊक नव्हता. घरी टाकलं, तर घरी वाचणारं कुणी नव्हतं. पेपरात वंगणाच्या थरावर प्रश्न आला. मी आकृती काढली, दाब कुठं वाढतो तो बाण दाखवला, सूत्र लिहिलं. हॉलमध्ये पंखे फिरत होते. पेपर वेळेच्या अर्धा तास आधी देऊन मी बाहेर पडलो आणि पत्रांच्या खणाकडे गेलो.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. आबांचंच अक्षर होतं, पलटणीतल्या पत्रांसारखं, ओळी सरळ, एक रेघ जास्त नाही. मी ते खणापाशीच उभ्यानं वाचलं.

*ऑपरेशन झाले. गोळा व वाटी दोन्ही काढली. भोवतीचे हाड पोखरले होते, नवीन धरायला जागा नाही म्हणाले, म्हणून काही बसवले नाही. पाय दोन इंच आखूड झाला आहे. कळ थांबली. इथून पुढे कुबडी लागेल, पण डॉक्टर म्हणतात, आता खाली मांडी घालून बसता येईल. वाटी मला दाखवली, एका अंगाने फार खाल्लेली होती. हे किती दिवसांचे, असे मी विचारले. सांगता येत नाही, म्हणाले. वरचे रान तुझ्या चुलत्याला कायमचे बघायला सांगितले आहे.*